साडेतीन सेंटिमीटर

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. लेकीच्या डावीकडे, चिकूच्या उजवीकडे. चिकूच्या रेघांशेजारी गेली काही वर्षं दोन-दोन आकडे लिहिलेले असतात. एक डाव्या पायावर ताठ उभं राहून मोजलेला, दुसरा उजव्या. मागच्या महिन्यात त्या दोन आकड्यांत साडेतीन सेंटिमीटरचा फरक आला.

चिकू (हे घरातलं नाव) येत्या नोव्हेंबरात तेरा पूर्ण करेल. जानेवारी २०१४ मध्ये, चौदा महिन्यांचा असताना, त्याला मेनिंगोकॉकल सेप्सिस झाला, म्हणजे मेनिंगोकॉकस नावाच्या जिवाणूचा रक्तातला गंभीर संसर्ग. आम्ही तेव्हाही इथे, लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लोमध्येच राहत होतो. परवा नात्यातल्या एका बाईंनी फोनवर विचारलं, "पण तेव्हा पूर्ण बरा झाला होता ना गं तो?" मी हो म्हटलं आणि विषय बदलला. रात्री झोप येईना. लोकांना त्या आजाराचं एवढंच माहीत असतं, की मूल गेलं किंवा वाचलं. वाचलेल्या मुलाचं पुढे काय होतं, ते आम्हालाही कुणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

शनिवारी मध्यरात्री चिकूला ताप भरला. अंग तव्यासारखं, आणि पाय मात्र बर्फासारखे गार. मी हडपसरला आईला फोन केला, तिथे पहाट होती. "ताप चढताना हातपाय गार पडतातच," ती म्हणाली, "तळपायाला कांदा चोळ आणि मोजे घाल." आईने चार मुलं वाढवली आहेत आणि बहुतेक वेळा हेच खरं असतं. मी कांदा चोळला आणि तिनेच विणून पाठवलेले पिवळ्या लोकरीचे मोजे त्याला घातले. ते मोजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पायातच राहिले.

सकाळी लंगोट बदलताना पाय उचलले की तो किंचाळायचा. मला वाटलं, जांघेत पुरळ आलंय. चेहरा फिकट, ओठांभोवती राखाडी झाक. रविवार असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी चालू असणाऱ्या दवाखान्यात अकरा वाजता नेलं. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, छाती तपासली, बनियन वर करून पोट-पाठ पाहिली. पुरळ नाही, मान ताठ नाही. व्हायरल आहे, पाणी पाजत राहा, पॅरासिटामॉल द्या, बिघडलं तर परत या. मोजे त्यांनी काढले नाहीत. मीही काढले नाहीत. पाय दुखतायत हे मी सांगितलंच नाही, कारण तापाच्या मुलाचे पाय दुखणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे हे मला माहीत नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी मी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २००६ सालचा एक अभ्यास वाचला. इंग्लंड आणि आसपासच्या भागांतल्या, हा आजार झालेल्या ४४८ मुलांचे पहिल्या लक्षणापासूनचे तास संशोधकांनी मोजले होते. आपण ज्या खुणा पाठ केलेल्या असतात, म्हणजे जांभळे ठिपके, ताठ मान, गुंगी, त्या सरासरीने तेराव्या ते बाविसाव्या तासाला दिसत होत्या. पण पाय दुखणं, हातपाय गार पडणं, कातडीचा रंग बदलणं, यातलं काही ना काही बहात्तर टक्के मुलांमध्ये आधीच होतं, सरासरी आठव्या तासाला. आणि पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेलेल्या मुलांपैकी जेमतेम निम्मीच तिथून थेट हॉस्पिटलात पाठवली गेली होती. तो तक्ता समोर ठेवून मी बोटांवर तास मोजले. मध्यरात्र, सकाळचे आठ, दुपारचा एक. चिकू त्या तक्त्याबरहुकूम आजारी पडला होता.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याने दोनदा उलटी केली आणि मग हाक मारली तरी डोळे उघडेना. कपडे बदलायला घेतले तेव्हा मी मोजे काढले. तळव्यावर जांभळाचा रस शिंतडावा तसे ठिपके होते. पाण्याचा काचेचा पेला त्यावर दाबून धरला. साधं पुरळ दाबलं की फिकं होतं, हे होत नाही, कारण ते कातडीखाली सांडलेलं रक्त असतं. पेल्याच्या तळातून ठिपके जसेच्या तसे दिसत होते.

इथे एक गोष्ट मला आपल्या लोकांसाठी ठळक लिहायची आहे. पुरळाचे जे फोटो तेव्हा मी पाहिले होते ते सगळे गोऱ्या, गुलाबी कातडीवरचे होते. चिकू सावळा आहे. त्याच्या मांडीवरही त्या वेळी ठिपके होते, नंतर नर्सने टॉर्च धरून दाखवले तेव्हा मला दिसले. सावळ्या किंवा काळ्या मुलाचं अंग पाहताना तळहात, तळपाय, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू आणि तोंडातला टाळा पाहायचा. तिथे आपल्या सगळ्यांचीच कातडी फिकी असते. आणि ठिपके दिसेपर्यंत थांबायचंही नाही. तापाचं मूल सुस्त पडत चाललंय, पाय गार आहेत, पायाला हात लावू देत नाही, एवढं पुरेसं आहे निघायला.

अँब्युलन्स आली. त्यातल्या बाईंनी ठिपके पाहिले आणि एकही प्रश्न न विचारता त्याच्या मांडीत पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. त्या इंजेक्शनमुळे तो वाचला असं मला नंतर एकाहून जास्त जणांनी सांगितलं. साडेसहाला आम्ही हॉस्पिटलात होतो, आणि रात्री नळ्या-मशिनसकट त्याला दुसऱ्या, लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात हलवलं. तिथे तो अकरा दिवस होता.

मराठीत या आजाराला सरसकट मेंदूज्वर म्हणतात आणि मला वाटतं या नावामुळे घोटाळा होतो. आपण मान ताठ आहे का एवढंच बघत बसतो. मेनिंगोकॉकस हा जिवाणू मेंदूच्या आवरणाला सूज आणतो हे खरं, पण तो रक्तातही पसरतो, कधी दोन्ही एकदम, कधी नुसता रक्तात. चिकूची मान शेवटपर्यंत मऊ होती. त्याच्या रक्तात त्या जिवाणूंच्या आवरणातलं विष सुटत होतं, त्याने बारीक रक्तवाहिन्या गळायला लागल्या आणि त्याच वेळी त्यांच्यात गुठळ्याही धरत होत्या. म्हणून अंगावर जांभळं आणि बोटांच्या टोकांना रक्तच नाही. मुलाचं अंग पाण्याने सुजत होतं आणि डॉक्टर आणखी सलाईन चढवत होते, कारण वाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपत होतं. मी विचारलं, एवढं का देताय? त्यांनी थांबून समजावून सांगितलं. त्या विभागातल्या प्रत्येकाने मला थांबून समजावलं. ते मी विसरणार नाही.

उजव्या पायाची दोन बोटं आधी निळी, मग काळी पडली. हातांची बोटंही काळवंडली होती, ती परत गुलाबी झाली. पायाची झाली नाहीत. लगेच कापत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यामधली रेघ स्पष्ट होईपर्यंत काही आठवडे वाट बघतात, कारण जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं असतं. त्या आठवड्यांत रोज ड्रेसिंग बदलताना मी ती रेघ बघायचे. शेवटी दोन बोटं काढली, आणि पोटरीवरच्या जखमेवर मांडीची कातडी लावली.

प्रयोगशाळेचा निकाल आला होता: ग्रुप बी, या जिवाणूच्या ए, बी, सी अशा गटांपैकी एक. आम्हा तिघांना, सहा वर्षांच्या लेकीलाही, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा एकेक डोस दिला. कुठून आलं, कुणी आणलं, हे प्रश्न फोनवरून पुष्कळांनी विचारले. दर दहा माणसांतल्या एखाद्याच्या नाका-घशात हा जिवाणू काही त्रास न देता राहत असतो. तो आमच्यापैकी कुणाच्या घशात असेल किंवा बसमध्ये शेजारी शिंकलेल्या माणसाच्या. घराची स्वच्छता, दृष्ट, पहिल्या वाढदिवसाला बाळाला गर्दीत नेलं, असलं काही नव्हतं. ज्या आयांना हे ऐकवलं जातं त्यांच्यासाठी हे लिहितेय.

लशीचं मात्र सांगायलाच हवं. ब्रिटनमध्ये ग्रुप सीची लस १९९९ पासून मिळत होती, ती चिकूला वेळेवर दिली होती. ग्रुप बीची लस बनायलाच फार वर्षं लागली, कारण या बी जिवाणूच्या वरचं साखरेचं कवच आपल्याच शरीरातल्या, मेंदूच्या पेशींवरच्या साखरेसारखं असतं. शरीर त्याला परकं मानत नाही, मग त्याच्यापासून लस कशी करणार? शेवटी शास्त्रज्ञांनी जिवाणूची सगळी जनुकं वाचून काढली आणि त्यातून कवचाऐवजी पृष्ठभागावरची प्रथिनं निवडली. युरोपात त्या लशीला जानेवारी २०१३ मध्ये परवानगी मिळाली. त्या जुलैमध्ये इथल्या लसीकरण समितीने सांगितलं की सगळ्या बाळांना देणं खर्चाच्या हिशेबात बसत नाही. मार्च २०१४ मध्ये त्यांनी मत बदललं. सप्टेंबर २०१५ पासून बाळांना ती मोफत मिळायला लागली, जगात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर. पहिल्या तीन वर्षांत, ज्या वयाच्या बाळांना ती मिळाली त्यांच्यात ग्रुप बीचे रुग्ण पंचाहत्तर टक्क्यांनी घटले.

चिकूचा आजार जुलै २०१३ आणि मार्च २०१४ यांच्या मधला आहे. या तारखा मला पाठ आहेत. हिशेब मांडताना मुलाच्या तेराव्या वर्षीचा पाय कुणी खर्चात धरला होता का, हा प्रश्न मी आजही विचारते.

माझं माहेर हडपसरचं. ज्या सीरम इन्स्टिट्यूटच्या भिंतीकडेने मी शाळेत असताना सायकलवरून जायचे, तिथेच आफ्रिकेसाठी ग्रुप एची लस तयार झाली. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात दर काही वर्षांनी या रोगाची साथ यायची. १९९६-९७ च्या एका साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि पंचवीस हजार गेली. पुण्यात बनलेली, डोसाला अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची ती लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये द्यायला सुरुवात झाली आणि त्या पट्ट्यातून ग्रुप ए जवळजवळ नाहीसा झाला. आता तिथलीच पाच ग्रुपांवरची लस २०२४ पासून नायजेरियात देतायत. हे मी चिकूच्या पलंगाशेजारी बसून फोनवर वाचायला सुरुवात केली होती आणि तेव्हा रडले होते. ती लस चिकूच्या जिवाणूवर चालली नसती, पण कुठल्या तरी आईचं मूल माझ्या गावच्या औषधाने या पलंगावर यायचं वाचलं, याचा मला आधार वाटला होता. अजून वाटतो.

भारतात बाळांच्या सरकारी लसीकरणात या रोगावरची लस नाही. दिल्लीत २००५ मध्ये ग्रुप एची साथ आली होती, नंतर मेघालयातही. पुण्या-मुंबईहून ज्यांची मुलं इथे शिकायला येतात त्यांना एक सांगते. विद्यापीठं ज्या लशीचा आग्रह धरतात ती ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार ग्रुपांवरची असते. ती जरूर घ्या, वसतिगृहात राहणाऱ्या वयात हा रोग पुन्हा डोकं वर काढतो. पण त्यात बी नाही. ती लस घेतलेल्या मुलालाही ताप, गार हातपाय, अंगदुखी असं एकदम झालं तर खोलीत एकटं झोपू देऊ नका.

आता घरी आल्यानंतरचं.

डिस्चार्जच्या कागदावर दोन बोटं, कातडी, कानांची तपासणी असं लिहिलेलं होतं. ऐकू येईनासं होणं हा या आजाराचा मोठा घाव असतो, म्हणून इथे बाळ बरं झाल्यावर चार आठवड्यांच्या आत कान तपासतात. चिकूला झोपवून डोक्याला तारा लावून तपासले. कान ठीक निघाले. आम्हाला वाटलं, संपलं. चालायला तो आधीच लागला होता, ते विसरला, पुन्हा शिकला. हॉस्पिटलच्या नुसत्या वासाने तो तीन-चार वर्षं थरथरायचा. रात्री ओरडत उठायचा.

पाचव्या वर्षी मला वाटायला लागलं की तो लंगडतोय. एका क्लिनिकमध्ये सांगितलं, बोटं नाहीत म्हणून चाल तशी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा गेले, पुन्हा तेच. मी विजारी शिवताना बघत होते, उजवा पाय दर वेळी थोडा जास्त दुमडावा लागत होता. विजार खोटं बोलत नाही. सातव्या वर्षी मी दोन विजारी पिशवीत घालून नेल्या आणि टेबलावर ठेवल्या, तेव्हा एक्स-रे काढला.

मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पातळ थर असतो, ग्रोथ प्लेट. हाड लांब होतं ते तिथून. चौदा महिन्यांचा असताना, त्या रविवारी, बोटांना रक्त पोचत नव्हतं तेव्हा घोट्याच्या वरच्या त्या थरालाही ते पोचलं नव्हतं. त्या वेळी काढलेल्या फोटोत काही दिसलं नसतं. मूल वाढायला लागल्यावर दिसतं. नडगीचं हाड खालून वाढायचं थांबलं, शेजारचं बारीक हाड वाढत राहिलं आणि घोटा हळूहळू आतल्या बाजूला कलायला लागला. अस्थितज्ज्ञ बाई म्हणाल्या, या आजारातून वाचलेल्या मुलांमध्ये हे माहीत असलेलं आहे, वर्षांनी येतं. मी विचारलं, मग आम्हाला कुणी का सांगितलं नाही? त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, सांगायला हवं होतं.

इंग्लंडमध्ये ग्रुप बीतून वाचलेल्या २४५ मुलांना तीन ते पाच वर्षांनी बोलावून तपासलं होतं, त्याचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला. साधारण दहातल्या एकाला मोठं अपंगत्व होतं आणि एक तृतीयांशाहून जास्त मुलांमध्ये शरीर, बुद्धी किंवा मन यांपैकी कुठे ना कुठे काही उणं राहिलं होतं. एखाद्याला लक्ष ठेवायला जड जातं, एखाद्याला एका कानाने कमी ऐकू येतं, एखादं मूल सतत धास्तावलेलं असतं. वर्गात ते आळशी किंवा हट्टी म्हणून बसतं, कारण शाळेच्या कागदावर लहानपणच्या आजाराची नोंदच नसते. तुमच्या घरात, शेजारात असं वाचलेलं मूल असेल तर कान एकदा तपासून थांबू नका. दर वाढदिवसाला दोन्ही पायांची लांबी मोजा. शाळेला लेखी कळवा.

गेली पाच वर्षं चिकूच्या उजव्या बुटाला उंच तळ लावलेला असतो. क्रिकेटच्या बुटालाही. तो ऑफस्पिन टाकतो.

तज्ज्ञ बाईंच्या हिशेबाने वाढ पूर्ण होईपर्यंत फरक पाच सेंटिमीटरच्या जवळ जाईल. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आखूड पाय लांब करायचा. हाड कापून बाहेरून गोल चौकट बसवायची आणि रोज खिळे थोडे थोडे फिरवत दिवसाला एक मिलिमीटर असं ते ताणायचं. कित्येक महिने. दुसरी, डाव्या, म्हणजे चांगल्या पायाच्या गुडघ्याच्या वरचे-खालचे वाढीचे थर छिद्रं पाडून बंद करायचे, म्हणजे उजवा जमेल तितका गाठेल. छोटी शस्त्रक्रिया, पण वय बरोबर साधावं लागतं. त्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. घोट्याचा कल वेगळा सरळ करायचा. दुसऱ्या वाटेत त्याची उंची जी झाली असती त्याहून चार-पाच सेंटिमीटर कमी राहील.

चांगला पाय थांबवायचा, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. आजाराने घेतलं ते घेतलं, आता उरलेलं आपण हाताने द्यायचं? नवरा म्हणाला, निर्णय चिकूचा. मी म्हटलं, बारा वर्षांच्या मुलाचा? आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोललो नाही.

तज्ज्ञ बाईंकडे पुन्हा गेलो तेव्हा चिकूने गणिताच्या वहीत मागच्या पानावर सात प्रश्न लिहून आणले होते. पहिला, बंद केलेला पाय परत सुरू करता येतो का? बाई म्हणाल्या, नाही. दुसरा, चौकट लावली तर किती दिवस खेळता येणार नाही? त्यांनी खरं ते सांगितलं. तिसरा प्रश्न त्याने वाचला नाही, माझ्याकडे बघून वही बंद केली. घरी आल्यावर मी पाहिला. "आईला दोन्हीत कमी भीती कशाची वाटेल?"

फेब्रुवारीच्या सुट्टीतली तारीख मिळाली आहे. डावा गुडघा.

त्या रविवारनंतर माझ्या आईने मोजे विणले नाहीत. मी तिला कधी एक शब्द बोलले नाही, पण तिने सुया कपाटात ठेवल्या आणि अकरा वर्षं काढल्या नाहीत. चिकूचा उजवा पाय कायम गार असतो, रक्त कमी पोचतं. काल त्यानेच व्हिडिओ कॉलवर तिला सांगितलं, "आजी, ऑपरेशनला मला तुझे मोजे पाहिजेत, विकतचा उजवा मोजा बोटांकडे गोळा होतो." ती काही वेळ बोललीच नाही. मग चष्मा शोधायला उठली आणि मला म्हणाली, मापं दे. मी टेप घेतली. उजवा एकोणीस, डावा साडेबावीस. तिने कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं आणि विचारलं, "रंग कुठला आणू गं?"

"पिवळा सोडून कुठलाही," मी म्हटलं. चिकू म्हणाला, "पिवळाच."